पहिली वेलांटी

'आपल्या मराठीत शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका आढळल्या आहेत. दुरुस्त करून पाठवाव्यात, मग बिलाचं पाहू.' सोबत पुरावा म्हणून फोटो.

रक्तदाब मोजणाऱ्या एका लहान यंत्राच्या पडद्यावरच्या 140 ओळी मी मराठीत करून दिल्या होत्या. यंत्र विदर्भातल्या दवाखान्यांत जायचं होतं. मी लिहिलं होतं, 'स्थिर बसा'. फोटोत होतं, 'स् थरि बसा'.

रायपूरच्या मराठी माणसाला असं पत्र जरा जास्तच लागतं. माझं घर पंडरीत, खाली कापडबाजार. दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढी कानावर. शाळा हिंदी, एम.ए. तौलनिक साहित्यात, मराठी फक्त घरची. महाराष्ट्रातले नातेवाईक माझ्या मराठीकडे तशीही डोळे बारीक करून बघतात. पत्र वाचल्यावर मी आधी स्वतःचीच फाइल तीनदा तपासली. फाइल बरोबर होती.

पुण्याचा भाचा असल्याच यंत्रांचं काम करतो. त्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "मावशी, तुझं मराठी ठीक आहे. त्यांच्या बिल्डमध्ये हार्फबझ नाहीये."

'थि' संगणकात उच्चाराप्रमाणे साठतं: आधी थ, मग वेलांटी. लिहिताना मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे येते. ती उचलून अलीकडे ठेवणं, स आणि थ जोडणं, हे काम हार्फबझ करतं. ते नसेल तर फ्रीटाइप मिळतील तशी अक्षरं एकापुढे एक काढत जातं. वेलांटी मग पुढच्या र वर जाऊन बसते. इंग्रजीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून कंपनीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नावाने मी भलतीकडेच गेले. हार्फबझ म्हणजे हर्फ-बाज, दगाबाजसारखं काहीतरी, असं वाटलं. पण हा बाज वेगळा. फारसीत त्याचा अर्थ उघडा, खुला. बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने 'ओपनटाइप'चं केलेलं ते सरळ फारसी भाषांतर आहे. मला बरं वाटलं. आपल्यापैकीच कुणीतरी निघालं.

तर हार्फबझ का नव्हतं? ती कंपनी बिल्डरूट वापरते. यंत्राला लागेल तेवढंच लिनक्स त्यात निवडून बांधायचं. प्रत्येक पॅकेज आपल्याला कोण लागतं ते सांगतं. सांगण्याच्या तऱ्हा दोन. 'सिलेक्ट' म्हणजे मी आलो की माझी माणसंही आलीच. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे अमुक आधी आल्याशिवाय यादीत माझं नावही दिसणार नाही. इथवर सोपं आहे. घोटाळा तिसऱ्या तऱ्हेत होता: असेल तर वापरतो, नसेल तर नाही.

ही मला खालच्या बाजारामुळे कळली. ब्लाउजपीस घेताना अस्तर मागितलं तर दुकानदार कापून देतो. शिंप्याकडे अस्तर गेलं तर तो लावून शिवतो, नाही गेलं तर तसाच शिवतो. दोन्ही वेळा ब्लाउज तयार, आणि तो काही बोलत नाही. अक्षरं रंगवणारी त्यांची लायब्ररी तशीच, अस्तराविना, कसलीही चूक न दाखवता तयार झाली होती.

मी हे कंपनीला कळवलं. त्यांनी हार्फबझ घातलं. आठवड्याने दुसरा फोटो: पुन्हा 'स् थरि'. या वेळी पत्राचा सूर अधिक थंड होता. दुसऱ्या अनुवादकाकडून तपासून घेऊ, वगैरे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. यंत्राचं एवढं बारकाईने सांगून झाल्यावरही चूक माझ्याच नावावर राहणार असेल तर पुढे काय बोलायचं?

भाचा हसला. "त्यांनी सगळं पुसून परत बांधलं नसणार." बिल्डरूट नंतर आलेल्या पॅकेजमुळे आधी बांधलेली कुठली पॅकेजं परत बांधायला हवीत ते स्वतः ठरवत नाही. असं वेळोवेळी पूर्ण बांधणी नव्याने करावी लागते, हे त्याच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. शिवून झालेल्या ब्लाउजच्या पिशवीत अस्तर नुसतं टाकून काय उपयोग? उसवायलाच हवं. मी 'मेक क्लीन' असे दोन शब्द लिहून पाठवले. माझ्या आजवरच्या सगळ्यांत लहान अनुवादटिपा.

तिसऱ्या फोटोत वेलांटी जागेवर होती. कुणी काही बोललं नाही. बिल मंजूर झाल्याचं मात्र कळलं.

शेवटची ओळ होती, 'मोजणी पूर्ण झाली'. त्यातला ल हिंदी होता. खालच्या सगळ्या पाट्यांवर असतो तो, उभ्या दांड्याचा. शाळेत मी तोच गिरवला आणि आजीने घरी पाटीवर पुसून मराठी ल काढायला लावला. युनिकोडात दोघांचा क्रमांक एकच. फॉन्टमध्ये मराठी रूप असलं तरी मजकूर मराठी आहे असं वेगळं सांगावं लागतं, देवनागरी एवढं सांगून भागत नाही.

"एका ओळीचं काम आहे, मावशी," भाचा म्हणाला. "फक्त त्यांचा फॉन्ट तसा हवा."

तिसरं पत्र लिहायला घेतलंय. पैसे आधी खात्यात जमा होऊ देत.