नान्नजचें माळरान

सोलापूर म्हटलें कीं सिद्धरामेश्वराचें देऊळ, चादरी आणि कडक ऊन एवढ्याच गोष्टी बाहेरच्या माणसास आठवतात. गवत पाहावयास तेथें सहसा कोणी जात नाहीं. आम्ही मात्र गेल्या आश्विनांत बार्शीच्या रस्त्यानें नान्नजच्या माळावर गेलों, तें गवत पाहण्यासाठींच. १९७९ सालीं माळढोक पक्ष्याकरितां येथें अभयारण्य झालें, आणि पक्ष्याच्या निमित्तानें जुनें कुरणहि थोडेंफार शाबूत राहिलें.

दुरून सारा माळ एकसारखा पिवळसर दिसतो. जवळ गेलें म्हणजे त्यांतलीं कुळें निराळीं दिसूं लागतात. मारवेल आणि पवना हीं मऊ, रुचकर गवतें. एकदां रुजलीं कीं वर्षानुवर्षें त्याच बुडख्यांतून फुटणारीं. कुसळीचें तसें नाहीं. ती पिकली कीं तिचीं कुसळें जनावराच्या तोंडांत रुततात, म्हणून गुरें तिला टाळतात. बेसुमार चराई झाली कीं चांगलें गवत बीं धरण्यापूर्वींच संपतें आणि कुसळी तेवढी माजते. माळ बिघडतो तो असा.

वेल्समध्यें ॲबरिस्टविथ येथें १९१९ सालीं स्टेपलडन यांनीं गवताच्या पैदाशीचें केंद्र काढलें. बाजारांतील रायग्रासचें बीं भरपूर बीं देणाऱ्या झाडांचें असे. तें गवत लवकर फुलून थोड्याच वर्षांत विरळ होई. उलट जुन्या कुरणांत चराई सोसून टिकलेलीं झाडें पानांनीं भरलेलीं असत. स्टेपलडन यांनीं निवड केली ती अशा झाडांची.

रायग्रासला थंडी व ओल हवी; आमच्या माळावर तें जगावयाचें नाहीं. परंतु ही पारख घेण्यासारखी आहे, आणि ती आम्हांस नवी नाहीं. याच जिल्ह्यांत मोहोळच्या केंद्रांत स्थानिक मालदांडी ज्वारींतून ‘एम ३५-१’ हा वाण निवडला गेला. माणसास दाणा आणि जनावरास कडबा, दोन्ही त्यानें दिलें. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस अशाच कडब्यावर पोसली जाते. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें मारवेलाचाहि ‘फुले मारवेल ०६-४०’ हा वाण काढला आहे.

मात्र निवड करावयाची तर निवडावयास कांहीं शिल्लक पाहिजे. माळास ‘पडीक’ म्हणून नांगर लावला, कीं उन्हाळे आणि दुष्काळ सोसलेलीं तीं मुळें एका दिवसांत जातात. तीं पुन्हां बाजारांतून आणतां येत नाहींत. ज्या घरीं सकाळीं दुधाचा रतीब येतो, त्या घराचें नातें या पिवळ्या माळाशीं आहे, एवढें तरी आपण मुलांस सांगावें.