सव्वातीन अब्ज डॉलरचे पत्र

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये व्हिएतनाम शांतता करारावर सह्या झाल्या. कराराच्या २१व्या कलमात अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या युद्धाच्या जखमा भरून काढण्यास आणि पुनर्बांधणीस हातभार लावण्याचे कबूल केले होते. रकमेचा उल्लेख मात्र करारात नव्हता. तो १ फेब्रुवारीच्या पत्रात आला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंतप्रधान फाम वान डोंग यांना लिहिलेल्या या पत्रात पाच वर्षांत सुमारे सव्वातीन अब्ज डॉलर, तेही राजकीय अटींविना, देऊ केले होते. सोबतच्या टिपणात एक ओळ होती : दोन्ही देश आपापल्या राज्यघटनेनुसार अंमलबजावणी करतील.

सारे अडले ते या ओळीपाशी. अमेरिकेत तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसच्या हाती असतात आणि हे पत्र तिच्यापासून लपवून ठेवले गेले; ते प्रसिद्ध झाले १९७७ मध्ये. हनोईच्या लेखी ही रक्कम झालेल्या नासधुशीची भरपाई होती, वॉशिंग्टनच्या लेखी करार पाळला जावा यासाठीचे आमिष. एकाच आकड्याचे असे दोन अर्थ घेऊन झालेली तडजोड टिकणे कठीणच होते.

हनोईच्या हेतूंविषयीचा काँग्रेसचा संशय निराधार नव्हता. सुटून आलेले युद्धकैदी छळाच्या हकिकती सांगत होते, दक्षिणेत दोन्ही बाजूंनी लढाई चालूच होती, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे सायगावात शिरले. त्यानंतर अमेरिकेने करारच मोडल्याचे सांगून हात झटकले. पण शत्रूच्या हेतूंविषयी जेवढी शंका घेतली गेली, तेवढी वचन देणाऱ्याच्या अधिकाराविषयी आधीच घेतली जायला हवी होती. जो पैसा मंजूर करून घेता येईल याची खात्री नाही, तो युद्धाने होरपळलेल्या देशाला कबूल करणे हा त्या जनतेवरचा अन्यायच होता.

हनोईतील लाँग बियन पूल त्या काळाची खूण अंगावर वागवतो. १९०२ मध्ये पूर्ण झालेल्या या पोलादी पुलावर १९६७ आणि १९७२ मध्ये बॉम्ब पडले. आज काही ठिकाणी जुन्या उंच कमानदार चौकटी दिसतात आणि मध्येच साधे, बुटके गर्डर. जे मिळाले ते वापरून जोडलेले.

सव्वातीन अब्ज कधीच आले नाहीत. आली ती व्यापारबंदी, आणि ती १९९४ मध्ये उठली. १९९७ मध्ये तर सायगावच्या पडलेल्या सरकारचे सुमारे साडेचौदा कोटी डॉलरचे कर्ज फेडण्याचे हनोईनेच मान्य केले. पुढे २०१२ ते २०१८ या काळात दा नांग विमानतळावरची युद्धकाळातल्या डायॉक्सिनने विषारी झालेली माती उकरून, मोठ्या बंदिस्त ढिगांत ३३५ अंशांच्या वर तापवून शुद्ध करण्यात आली. तो खर्च प्रामुख्याने अमेरिकेने उचलला, मदत म्हणून.