एकोणिसावा वाढदिवस

चार्ल्स लॅम्ब याने नववर्षाच्या पूर्वसंध्येवर लिहिलेल्या आपल्या निबंधात माणसाच्या पदरी दोन वाढदिवस टाकले आहेत. एक ज्याचा त्याचा आणि दुसरा नव्या वर्षाचा. लॅम्बला लहानपणी यवतमाळ जिल्ह्यातील महागावच्या शाळेत घातले असते, तर त्याला या हिशेबात आणखी भर घालावी लागली असती. नववर्ष वगळूनही आमच्या वाट्याला तीन वाढदिवस आले. पहिला आईचा, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. दुसरा पंचांगाच्या त्याच पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या इंग्रजी तारखेचा. तो नोव्हेंबर महिन्यात पडतो. तिसरा 1 जुलै. तो आमच्या हेडमास्तरांनी आम्हांस दिला.

1974 च्या जूनमध्ये वडील आम्हांस शाळेत घेऊन गेले, तेव्हा आम्हांस सहा वर्षे पुरी होण्यास पाच महिने कमी होते. मास्तरांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिले, दौतीत टाक बुडविला आणि पाच महिन्यांची ती उणीव एका ओळीत भरून काढली. वडिलांनी हरकत घेतली नाही. जन्माची खरी नोंद त्यांनी 1968 च्या पंचांगाच्या समासात करून ठेवली होती आणि सरकारी दप्तरास खऱ्याची गरज असते अशी त्यांची समजूत नव्हती. ज्यांना मुलांच्या जन्मतारखा लक्षात ठेवण्याइतकी सवड नव्हती, अशा शेतकरी आईबापांच्या कितीतरी मुलांना त्या काळी 1 जून किंवा 1 जुलै हीच तारीख मिळाली आहे. आम्हांस मात्र ती पाच महिने महाग पडणार. कारण सेवानिवृत्तीचा हुकूम पंचांग पाहून निघत नाही.

पुढे आम्ही अमरावतीस कॉलेजात गेलो आणि वसतिगृहात राहू लागलो, तेव्हा या तिसऱ्या वाढदिवसाचा महिमा आम्हांस कळला. 1 जुलै ही पुसदजवळच्या गहुली गावी 1913 साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जन्मतारीख. आता तो दिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. आमच्या वसतिगृहात त्याच तारखेचे निदान डझनभर उत्सवमूर्ती होते आणि ते बहुतेक सारे कृषकांचेच पुत्र होते. सर्वांत मिळून एक केक आणण्यात येई आणि सुरी कोणी धरावी यावरून दर वर्षी भांडण होई. त्या दिवशी घरची आठवण आलेला एकही मुलगा आम्हांस आठवत नाही. कशी यावी? घरी कोणास या वाढदिवसाचा पत्ताच नव्हता.

आईचा वाढदिवस निराळा. त्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, पाटाभोवती रांगोळी, औक्षण, आणि मग गूळ व तीळ घातलेले दूध. मार्कंडेयाचे नाव घेऊन ते एका दमात प्यावे लागे. हे सारे अमरावतीस व्हायचे कसे? आईने त्यावर आपल्या परीने तोड काढली. दर वर्षी पंचमीला उमरखेडहून महागावमार्गे येणाऱ्या एस. टी.च्या गाडीने पितळी कडीचा डबा येत असे. आर्णी, यवतमाळ, नेर असे थांबे घेत गाडी संध्याकाळी अमरावतीच्या स्थानकात शिरे आणि ओळखीचा कंडक्टर खिडकीतून तो डबा आमच्या हाती देई. पावती नाही, हमाली नाही, पत्ता म्हणून खळीने चिकटविलेली एक चिठ्ठी. एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली, हे इतिहासात नमूद आहे. परंतु खेड्यांतून शहरांत शिकावयास गेलेल्या मुलांचे किती डबे तिने वाहिले, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. वडिलांची मनिऑर्डर आठ दिवस आधी येई. तिच्या कुपनावर आशीर्वादाची एक ओळ असे. तारखात्याने 2013 साली दुकान बंद केले आणि मनिऑर्डरीची ती जुनी तऱ्हाही 2015 साली संपली, तेव्हा आम्हांस हळहळ वाटली ती त्या कुपनाची.

1987 साली आम्हांस एकोणीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. गणित घेतलेल्या आमच्या एका मित्राने खोलीतील कालनिर्णय चाळता चाळता एक शोध लावला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. अधिक महिने घालून ही तूट भरून काढतात. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने येतात, एकंदर चांद्र महिने 235 होतात आणि ही बेरीज एकोणीस सौर वर्षांशी अवघ्या दोन तासांच्या फरकाने जुळते. म्हणून दर एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख, फार तर एखादा दिवस इकडे तिकडे होऊन, पुन्हा एकत्र येतात. पुढचा योग अडतिसाव्या वर्षी, त्यापुढचा सत्तावनाव्या. ग्रीक ज्योतिषी मेटन याच्या नावे ओळखले जाणारे हे चक्र आमच्या मित्राने आमच्या नावे जाहीर केले आणि असा योग कोरडा जाऊ द्यावयाचा नाही, असे मंडळींनी ठरविले.

त्या संध्याकाळी सिनेमा झाला, खानावळीबाहेरचे जेवण झाले, रात्री खोलीत केक कापला गेला. दुपारी आम्हांस डब्याची आठवण झाली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. गाडी पाच वाजता येणार आणि सिनेमा सहाला. मनात आणले असते तर दोन्ही साधले असते. पण मित्रांदेखत पितळी डबा हातात घेऊन यावयाचे, त्यातील पुरणाच्या पोळ्या आणि सांबारवड्या त्या हॉटेलवाल्या मंडळींपुढे मांडावयाच्या, याची आम्हांस त्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जागरणामुळे उठणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. कंडक्टरने डबा नियंत्रकाच्या खोलीत ठेवून दिला होता. झाकण उघडताच वास आला. आम्ही तो वसतिगृहाच्या मागे नेऊन रिकामा केला, खानावळीतून राख मागून आणली आणि वास पार जाईपर्यंत तो घासला. मग पोस्टकार्ड लिहिले: पोळ्या फार छान झाल्या होत्या, सर्वांनी आवडीने खाल्ल्या.

पुढच्या वर्षी डब्यात बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आईच्याने आता पुरण वाटवत नसेल, असा तर्क करून आम्ही तो विषय मनातून काढून टाकला.

पुढे वर्गात शिकवीत असता आनंदीबाई जोशींच्या चरित्राशी आमचा संबंध आला. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आमच्या जन्मवर्षीच, 1968 साली, प्रसिद्ध झाली. आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. त्या 1883 साली अमेरिकेस गेल्या आणि त्यांचे तीन वाढदिवस तिकडेच झाले. त्यांपैकी पहिला एकोणिसावा. म्हणजे तिथी-तारखेचा हाच मेळ त्यांच्याही वाट्यास फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता आला. गुढीपाडवा नुकताच उलटलेला, गोपाळराव हिंदुस्थानात, रोझेलच्या कार्पेंटर मावशींचे घर तेवढे हाकेच्या नव्हे तरी आगगाडीच्या अंतरावर. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला असता, त्या पुण्यास वारल्या. हा भाग शिकविताना मुले सनावळ्या उतरून घेतात. आम्हांस प्रत्येक वेळी नियंत्रकाच्या खोलीतील डबा दिसतो. या दोहोंत तुलना करण्यासारखे काही नाही, हे आम्हांस समजते. तिच्यासाठी तिळाचे दूध करणारे त्या शहरात कोणी नव्हते. आमच्यासाठी करून पाठविलेले आम्ही उकिरड्यावर ओतले.

2006 साली अडतिसाव्याचा योग आला, तेव्हा आम्ही रजा घेऊन महागावास गेलो. वडील तेव्हा नव्हते. आईने पाटाभोवती हात कापत कापत रांगोळी काढली, ओवाळले आणि दूध पुढे केले. जेवताना तिने पुरणाची पोळी वाढली आणि तूप सोडता सोडता विचारले, “त्या साली आंबल्या होत्या ना रे पोया?”

आम्ही घास हातात धरून बसलो. कोणत्या साली, असे विचारण्याचाही धीर झाला नाही. कंडक्टरने सांगितले असावे असे वाटले. पण तसे नव्हते.

“डबा लखलखीत घासून आला होता,” ती म्हणाली. “तुनं त्याच्या आधी कधी डबा घासून धाडला होता काय? नेहमी तळाशी चुरा राहे. म्हटलं, आता टिकन असंच करून धाडावं.”

एवढे बोलून तिने दुसरी पोळी वाढली. पोस्टकार्डाचा विषय तिने काढला नाही. आम्हीही काढला नाही, आणि पुढील चार वर्षांत, ती होती तोवर, तो काढण्याचा योग आम्ही कधी येऊ दिला नाही.

25 नोव्हेंबर 2025 रोजी पंचमी होती. सत्तावनावा योग. आमची कन्या बंगळुरास शिकते. तिने दूरध्वनीवर तोंड दाखवून शुभेच्छा दिल्या; मात्र त्या 1 जुलैलाच देऊन झाल्या होत्या, कारण कागदोपत्री तिला तीच तारीख ठाऊक. आम्हीच तिला कधी दुसरी सांगितली नव्हती, हे त्या दिवशी ध्यानात आले. तिला सारा हिशेब समजावून सांगितला: चांद्र महिने, अधिक महिने, मेटन. डब्याचे सांगावयास सुरुवात केली, तोच तिच्या तासाची वेळ झाली. सौभाग्यवतींनी तीळ-गुळाचे दूध आणून दिले, ते आम्ही एका दमात प्यालो. तो पितळी डबा आता आमच्या स्वयंपाकघरात फळीवर असतो आणि त्यात गूळ ठेवतात. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणजे चातुर्मासात बंद असलेली वांगी पुन्हा खावयाची. संध्याकाळी पिशवी घेऊन आम्ही भरताची वांगी आणावयास बाजारात गेलो.