हिशेब आणि ओळख

"आपल्या उर्दू शाळेत प्रयोगशाळा कुठाय, सर?" मुलं विचारतात. मग मी रोमची गोष्ट सांगतो.

१९४३च्या बाँबहल्ल्यानंतर कॉन्व्हर्सी आणि पिच्चोनी यांनी आपली उपकरणं व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवली. पुढे पान्चिनीही त्यांना येऊन मिळाला. वैश्विक किरणांतला एक कण ते तपासत होते. अणुकेंद्र बांधून ठेवणारा युकावाचा कण तो हाच, असा समज होता. तसं असेल तर ऋणभारित कण कार्बनचं अणुकेंद्रही चटकन गिळणार. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लोखंड गिळतं, कार्बनमध्ये मात्र बहुतेक कण आपल्या मरणानं मरतात. फर्मी, टेलर, वाइसकॉफ यांनी आकडेमोड केली. तफावत एकावर बारा शून्यांएवढी! हिशेब चोख होता, कणाची ओळखच चुकली होती. तो म्यूऑन होता.

मुलांच्या गुणपत्रिका भरताना मला हे आठवतं. बेरीज बरोबर असते. पण आपण मोजतोय कोणाला?