आजच्या आज

करंजीचं सगळं शास्त्र पाण्याशी असलेल्या वैरावर उभं आहे. दिवाळीच्या करंजीत सुकं खोबरं जातं, तेही किसून, मंद आचेवर भाजून, हाताने चुरून. खसखस भाजायची, रवा भाजायचा, पिठीसाखर मिसळायची ती सारण पुरतं गार झाल्यावर. पारी दुधात भिजवलेली असली, तरी ते दूध उडून जाईपर्यंत कढईपाशी उभं राहायचं. आई कानाने तळायची. करंजी तुपात सोडली की आधी खळखळाट, मग नुसती कुजबुज, आणि बुडबुडे जवळजवळ थांबले की झारा. आतलं पाणी संपल्याची ती खूण. असा एकेक थेंब हाकलून दिल्यावरच करंजीला डब्यात जायची परवानगी मिळे आणि मग ती पंधरा-वीस दिवस खुसखुशीत राही.

फळ म्हणजे तर निव्वळ पाणी. स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, सफरचंदात पंच्याऐंशीच्या आसपास. ते करंजीत भरून कढईत सोडायची छाती फार थोड्यांना होत असणार. आत वाफ कोंडते, मुरड उकलते, साखरेचा रस तेलात उतरून काळा पडतो आणि त्या एका फुटक्या करंजीपायी सगळं तळण नासतं. पुढच्या प्रत्येक करंजीवर त्या जळक्या साखरेचे डाग. आमच्याकडे तळणाच्या दिवशी मुलांना स्वयंपाकघरात मज्जाव असे, त्यामागे चटक्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त धास्ती असायची ती या उकलण्याची. एअर फ्रायर घरात आला आणि ही धास्ती गेली. जाळीत एखादी फुटली तर ती एकटीच फुटते. शेजारणीला त्याचा पत्ताही नसतो.

हे यंत्र फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात पहिल्यांदा मांडलं. त्यामागची कल्पना फ्रेड व्हान डेर वाय या डच संशोधकाची. आत बघायला गेलं तर गूढ काही नाही. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. तापलेली हवा त्या एवढ्याशा जागेत जोराने फिरते आणि पदार्थाच्या अंगावरची ओल उडवून नेते. तळणं त्याला येत नाही. तो भाजतो, आणि झकास भाजतो. भज्यांचं पीठ जाळीतून गळून जातं. अनारशाला जाळी पडायला तुपाचं तळंच हवं, तिथे गरम हवेचं काही चालत नाही. ज्यांनी या डब्याकडून भजी-वड्यांची आशा धरली, त्यांचा डबा लवकरच माळ्यावर गेला. माझा टिकला तो चिमुकल्या करंज्यांमुळे, एका घासाच्या, पोटात फळ भरलेल्या.

पारीत मात्र सवलत नाही. दोन वाट्या मैद्याला चार-पाच चमचे तुपाचं कडकडीत मोहन आणि मूठभर बारीक रवा. तळणीत पारीला बाहेरून तूप मिळतं, इथे ते नाही, म्हणून मोहन हाताला जरा जास्तच वाटलं तरी घालावं. पिठाच्या कणांना तुपाचं अस्तर लागलं की त्यांची चिवट जाळी होत नाही, खुसखुशीतपणा येतो तो तिथून. गार दुधात घट्ट भिजवायचं, झाकून ठेवायचं, पुरीपेक्षा किंचित जाड लाटायचं आणि छोट्या वाटीने चकत्या कापायच्या. कडेला दुधाचं बोट, चमचाभर सारण, मिटून मुरड. मुरड जमत नसेल तर काट्याने दाबावं, कुणी नावं ठेवत नाही. आणि पोटावर त्याच काट्याने दोन भोकं, वाफेला वाट म्हणून. वरून तुपाचा हात. जाळीत एकीचं अंग दुसरीला लागता कामा नये. मधून हवा खेळायला जागा उरली नाही, तर करंज्या भाजण्याऐवजी घामेजतात. एकशे सत्तर अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. कागद अंथरायचा तर त्याच्यावर वजन हवं. रिकामा कागद पंख्याच्या झोताने उडून थेट तारेला चिकटतो आणि करपल्याचा वास सगळ्या जिन्यात जातो.

आता सारण. या प्रकारातला खरा आनंद इथे आहे, कारण प्रत्येक फळाची पाणी सोडायची तऱ्हा वेगळी. सफरचंद सगळ्यांत गुणी. त्याच्यात पेक्टिन भरपूर, त्यामुळे बारीक फोडी साखरेत शिजवल्या की आपोआप दाट होतात. दालचिनी, लिंबू, झालं. अमेरिकेत मॅक्डोनाल्ड्सने हेच सारण तळलेल्या खिशात घालून वर्षानुवर्षं विकलं आणि १९९२ मध्ये तिथे बहुतेक ठिकाणी तळणं सोडून भाजायला घेतलं. तळलेल्या पायची आठवण काढून हळहळणारे तिकडे अजून भेटतात. कढई सुटण्याचं दुःख सातासमुद्रापारही आहे म्हणायचं!

स्ट्रॉबेरी अवखळ. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात पुण्यात दारोदार येते. हंगामाच्या सुरुवातीची देखणी, महाग फळं यात घालवू नयेत. मार्चमधली मऊ पडलेली, आंबटसर, स्वस्त झालेली घ्यावीत. साखर घालून ठेवली की तासाभरात ती स्वतःच्याच रसात पोहायला लागतात. तो रस आटवायचा, तारेच्या अलीकडे थांबायचं, मग कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालायचं. लिंबू अगदी शेवटी, कारण आंबटाबरोबर फार उकळलं तर कॉर्नफ्लोअरची पकड सुटते. लिंबाने लाल रंग मात्र खुलतो. तरीही भीती वाटत असेल तर पारीवर आधी चिमूटभर भाजलेला रवा भुरभुरावा. जो रस पळायला बघेल, तो रव्यात मुरतो.

हापूसची ताजी फोड या कामात घालणं मला मान्य नाही. जी गोष्ट कापून नुसती खायची, तिला आच कशाला? पण कोकणातून आलेला आटवलेला आमरस, तो जवळजवळ गोळा झालेला, त्याच्यासारखं सारण नाही. आंबापोळीचे तुकडे घाला, फणसपोळीचे घाला. त्यातलं पाणी वैशाखातल्या उन्हाने आधीच काढून घेतलेलं असतं, आपल्याला फक्त पारी मिटायची. गोव्यात नाताळात पेरूचा गर साखरेत आटवून पेराद करतात, त्याची वडी कापून एकेक चौकोन करंजीत ठेवला तर भट्टीत तो नुसता मऊ होतो, वाहत नाही. शिवाय वर मिठाचा कण. राजेळी केळ्याला साखरही नको, तुपावर परतून, ओलं खोबरं आणि वेलची. चिकूच्या वाटेला जाऊ नये. आच लागली की त्याचा वास हरवतो आणि उरतो तो तपकिरी चिखल. कलिंगडाचा विचार ज्याच्या डोक्यात येईल, त्याने सरळ सरबत करून प्यावं.

जाळीत आठ-नऊ मावतात. सुरुवातीला मला यातच यंत्राचं खोटं वाटायचं. फराळाच्या करंज्या परातीने मोजायच्या, आणि हा डबा ताटलीभर देऊन वर बीप बीप करतो. पण फळाचं सारण पोटात असलेली करंजी दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. आतली ओल हळूहळू पारीत शिरते, खुसखुशीतपणा मऊ पडतो, तिसऱ्या दिवशी तर तिच्याकडे बघवत नाही. डब्यात भरायला ती जन्मलेलीच नाही. मग परातभर करून काय साधलं असतं? जेवढ्या जाळीत मावतात, तेवढ्याच संध्याकाळी घरात खपतात. फळाचं अल्पायुष्य आणि टोपलीचा संकोच यांचं असं गणित जुळतं, आणि ते मला डब्यांच्या उतरंडीपेक्षा आवडायला लागलं आहे. डब्यातल्या करंजीवर कितीतरी माणसांचा हक्क असे. पाहुण्यांचा, शेजारच्यांचा, भाऊबिजेला येणाऱ्यांचा. आपल्या वाट्याला यायची ती बहुधा एखादी उकललेली, कडा तुटलेली. आईने आयुष्यभर त्याच खाल्ल्या, आणि आपल्याला सारण बाहेर आलेलीच आवडते असं ती आम्हाला सांगत राहिली. आम्हीही ते खरं मानलं.

ओल्या नारळाची करंजी नारळीपौर्णिमेला करून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायची, ही रीत होतीच की. म्हणजे आजच्या आज खायची करंजी आपल्याकडे परकी नव्हती, दिवाळीच्या मोठ्या डब्यांपुढे तिची आठवण राहिली नव्हती, एवढंच.

एक सावधगिरी. बाहेर काढल्यावर पारी लगेच हाताळण्याजोगी होते आणि माणूस फसतो. आतला पाक अजून उकळता असतो. साखरेमुळे तो नुसत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि जिभेला चिकटून बसतो. दहा मिनिटं दम धरावा. आमच्याकडे तो कुणालाच निघत नाही, म्हणून ताटली फ्रिजच्या डोक्यावर ठेवावी लागते.

आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. यंत्राच्या आवाजाला ती गिरणी म्हणते. बुडबुडे ऐकायचे नाहीत, रंग बघायचा नाही, मग कळतं कसं, हा तिचा पहिला आक्षेप. टोपली ओढून कधीही बघता येते हे दाखवल्यावर ती खुर्ची घेऊन तिथेच बसली आणि दर दोन मिनिटांनी टोपली ओढायला लागली. पेरादची करंजी तिने दुसरीही मागून घेतली. अख्खी होती, कुठे उकललेली नव्हती, त्याबद्दल ती काही बोलली नाही. सफरचंदाची मात्र अर्धी ताटलीत ठेवली.

“दालचिनी मसालेभाताला ठेव गं,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी यात गुळांबा घाल. आणि मीठ विसरलीस पारीत.”