सुरीचं पाणी

लोहार पात्याला ‘पाणी देतो’, असं आपण सहज बोलून जातो. तापून लाल झालेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण नव्यानं सुऱ्या बनवायला बसणाऱ्याची बरीच पाती बिघडतात ती या दोन-तीन सेकंदांत, आणि ती बिघडलीत हे त्याला दिसतही नाही. हरिहरेश्वरला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या भट्टीजवळ बसून मी हे पाहिलं. लोखंडाला मी हात लावला नाही. पंखा फिरवायचा आणि चहा आणायचा, एवढंच मामूचं काम.

आमच्या श्रीवर्धन तालुक्यात पात्याशिवाय पान हलत नाही. माडावर कोयता, मासळीला विळी, बकरी ईदला सुरी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. आडव्या झालेल्या माड-पोफळी तोडून वाड्या मोकळ्या करताना कोयत्यांच्या धारा गेल्या. नवी पोफळ फळाला यायची तर पाच-सात वर्षं. त्या रिकाम्या दिवसांत पोरानं मोबाईलवर व्हिडिओ बघून अंगणात भट्टी मांडली. पुढच्या ईदला घरची कुर्बानी आपल्या हातच्या सुरीनं व्हावी, असं त्याच्या मनात होतं.

पहिली सुरी त्यानं बांधकामाच्या सळईपासून केली. दिसायला देखणी, पण नारळाच्या करवंटीला लागताच धार मुडपली. सळईत कार्बन फार तर पाव टक्क्याच्या आसपास असतो. एवढ्याशा कार्बनवर पाणी दिलं काय आणि न दिलं काय, धार धरेल इतकं पातं कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो साधारण ०.६ टक्का असतो, म्हणून गावोगावचे लोहार भंगारातून पाटे शोधत असतात. हे कळल्यावर त्यानं पाटा आणला.

या पाट्याची सुरी मला आजही आठवते. भर दुपारी, उघड्या अंगणात त्यानं ती तापवली. उन्हात लाल रंग फिका दिसतो. पोराला वाटलं अजून तापलं नाही, तो तापवतच राहिला आणि शेवटी विहिरीच्या गार पाण्याच्या बादलीत बुडवली. ‘टिक्’ असा बारीकसा आवाज आला. पाणी उकळल्याच्या आवाजात तो कुणाला ऐकूही आला नसता. नंतर घासून, चकाकी आणून सुरी अशी काही सुंदर झाली की माझी बहीण ती हातात घेऊन बघत राहिली. मुठीजवळ केसाएवढी एक रेघ होती. “मामू, ही कानशीनं घासली की जाईल,” तो म्हणाला.

बागमांडल्याच्या रस्त्याला एक म्हातारे लोहार आहेत. त्यांच्याकडे ती सुरी नेली. त्यांनी रेघ पाहिली, पातं शेगड्यात आवळलं आणि काही न बोलता हातोड्याचा एक ठोका मारला. सुरीचे दोन तुकडे. पोराचा चेहरा पाहवेना.

“आता बघ,” म्हणाले. तुटलेल्या जागी खडेमीठ फोडल्यासारखे चमकणारे दाणे. मग त्यांनी आपल्याच एका जुन्या कोयत्याचा तुकडा दाखवला: आतून राखेसारखा, मऊ करडा. लोखंड हवं त्यापेक्षा जास्त तापलं की त्याचा दाणा वाढतो, आणि मोठ्या दाण्यांच्या सांध्यातून तडा सहज धावतो. “काका, तुमची भट्टी अंधारात का असते?” पोरानं विचारलं. “रंग दिसायला नको का?” मला इतकी वर्षं वाटायचं की लोहाराची पडवी गरिबीमुळे काळोखी असते.

लोहचुंबकाची युक्तीही त्यांनीच सांगितली. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. तिथून किंचित वर गेलं की पुरे, आणि पाट्याला पाणी नको, तेल. नंतर पिवळसर, गवती रंग चढेपर्यंत पुन्हा हलकं शेकायचं, नाहीतर काचेसारखं फुटेल. पोरानं हे सगळं नीट केलं. मग विजेच्या चाकावर धार काढताना घाई झाली, कड निळी पडली आणि कमावलेला कडकपणा गेला!

लोखंडानं मोठमोठ्यांना चकवलंय. आपल्या दक्षिण भारतातलं वूट्झ नावाचं पोलाद युरोपात पोचलं तेव्हा मायकेल फॅरेडेनं त्याचं पृथक्करण केलं. फॅरेडे लोहाराचाच मुलगा. १८१९ साली त्यानं निष्कर्ष काढला की या पोलादाचा गुण त्यातल्या ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या अंशातून येतो. ते चूक होतं. महत्त्वाचा होता तो कार्बन. पण त्याच समजुतीपायी त्यानं जेम्स स्टोडार्ट या सुरी-कारागिराबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले, आणि मिश्र पोलादावरच्या सुरुवातीच्या पद्धतशीर प्रयोगांत आज त्या कामाची गणना होते. फॅरेडेची चूक कागदावर होती; तिच्यानं कुणाला जखम झाली नाही. सुरीचं तसं नाही. बनवणारा चुकतो आणि भोगतं दुसरंच कुणी.

ईदच्या आठवडाभर आधी त्याची चौथी सुरी तयार झाली. कागद लोण्यासारखा कापत होती. पोर खूश. बहिणीनं ती पाहिली आणि म्हणाली, “यंदा नाही.” सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस यांनी सांगितलेली हदीस तिला पाठ आहे: अल्लाहनं प्रत्येक कामात एहसान, म्हणजे ते उत्तम रीतीनं करणं, ठरवून दिलंय, आणि जबह करणाऱ्यानं आपली सुरी धारदार करून जनावराचा त्रास वाचवावा. “कागद कापला म्हणजे झालं का? मधेच धार गेली तर त्या मुक्या जनावरानं काय करायचं?”

तो दोन दिवस बोलला नाही. कुर्बानी नानांच्या जुन्या सुरीनं झाली. धार मात्र तिला त्यानंच लावली, बकऱ्याच्या नजरेआड, घरामागे बसून.

चौथी सुरी आता स्वयंपाकघरात कोंबडी आणि सुरमई कापते. खाऱ्या हवेत रात्रीत गंज धरतो, म्हणून रोज खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं. परवा माडावर चढणारा एक गडी त्याच्याकडे कोयता मागायला आला होता. पोरानं त्याला बागमांडल्याच्या काकांकडे पाठवलं, आणि मूठ तेवढी मी बसवून देईन म्हणाला.