तलावाच्या पाळीवरून दिसलेली देवयानी

आश्विन अमावास्येला आपण घरोघरी दिवे लावतो. त्यानंतरच्या कार्तिक अमावास्येला एकदा ते दिवे मागे टाकून भंडारा जिल्ह्यात यावे. धानाची कापणी उरकत आलेली असते, आकाश निरभ्र असते आणि थंडीही सोसवते. अभयारण्यात सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो; म्हणून कोका वा नागझिऱ्याचा हट्ट न धरता मी आणि माझी कन्या साकोली तालुक्यातील एका मालगुजारी तलावाची पाळ गाठतो. इकडे त्यास ‘मामा तलाव’ म्हणतात.

पहिल्या वर्षी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कन्येने उत्तरेकडे, डोक्याच्या थोडे खाली, बोट दाखवले. देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग तिला सहज दिसत होता. मला मात्र दिसेना. वैद्यकीय कारण मला ठाऊक होते. तरुणपणी अंधारात सुमारे सात मिलिमीटर रुंदावणारी डोळ्याची बाहुली पन्नाशीत बहुधा पाचच्या आसपास थांबते. आत शिरणारा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. तरीही मन खट्टू झाले.

मग कॅमेऱ्याने साथ दिली. तिपाईवर साधी ५० मिलिमीटरची लेन्स लावली. पृथ्वी फिरत असल्याने दहा सेकंदांहून अधिक काळ पडदा उघडा ठेवल्यास तारे रेघांसारखे ओढले जातात. म्हणून आठ-आठ सेकंदांची साठ छायाचित्रे घेतली आणि घरी संगणकावर तारे जुळवून ती एकावर एक रचली. खरा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो, दाणेदार खोट मात्र जागा बदलते. सरासरीत ती विरते. पडद्यावर लंबगोल दीर्घिका उमटली. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला होता.

रात्री मृग नक्षत्र वर आले, की बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ टिपावा. छायाचित्रात तो गुलाबी दिसतो, डोळ्यांना मात्र राखाडी. कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. या पेशींना पूर्ण जागे होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलची एक झळाळी ती मेहनत वाया घालवते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणून अंधूक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. पुढच्या वर्षी अर्धा तास मोबाइल खिशात ठेवून मी तसेच केले आणि देवयानी मलाही दिसली.

त्या रात्री शेजारच्या बांधीचे मालक बॅटरी घेऊन आले. “का जी डाक्टरसाहेब, आमाले सांगता बॅटरीशिवाय बांधीत जाऊ नका, न् तुमीच अंधारात बसता!” त्यांचे खरे होते. सर्पदंशाचे रुग्ण मी पाहिलेले आहेत. म्हणून आम्ही गुडघ्यापर्यंतचे बूट घालतो, बसण्याची जागा आधी पांढऱ्या उजेडात तपासतो आणि नंतर तांबडा दिवा वापरतो. दंडपेशींना तो फारसा जाणवत नाही. चालताना मात्र बॅटरी पायापुढे हवीच. उजेड जमिनीवर हवा, आकाशात नको, एवढेच.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आपल्या अंगणातही ते अंशतः साधते: दिव्यावर झाकण घालून त्याचे तोंड खाली करावे आणि निजण्याच्या खोलीत रात्री उजेड नसावा. झोपेची वेळ शरीराला सांगणारे मेलाटोनिन अंधारातच नीट स्रवते.

आणखी एक सांगणे. सोबतच्यांना तिन्हीसांजेला वाट दिसते पण आपल्या मुलाला वा वृद्ध आईला चाचपडावे लागते, असे आढळल्यास ते वयावर वा धांदरटपणावर ढकलू नये. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव, मोतीबिंदू वा दृष्टिपटलाचा आजार यांपैकी काहीही असू शकते. नेत्रतपासणी करून घ्यावी आणि मग सर्वांनी मिळून अमावास्येला पाळीवर यावे.